आधी चिखलाचा हिशेब: किनारा लाभलेल्या देशांच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

सन्माननीय अर्थमंत्री महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पर्यावरणमंत्र्यांना न लिहिता मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. खारफुटी वाचवायला हवी हे पर्यावरण खात्यांना नव्याने पटवून द्यावे लागत नाही. पण खाडीत भराव पडू द्यायचा की नाही, कोळंबीच्या तळ्यांना सवलत द्यायची की नाही, बंदर कुठल्या अंगाला वाढवायचे, हे सगळे शेवटी तुमच्या टेबलावर ठरते. आणि आता ‘निळा कार्बन’ या नावाने पैसाही त्याच टेबलाकडे येऊ लागला आहे. तो घेण्याआधी तुमच्या देशाने काय तयारी करावी, एवढेच मला सांगायचे आहे.

‘निळा कार्बन’ हा शब्द २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या एका अहवालातून रूढ झाला. खारफुटी, भरतीच्या पाण्यावर जगणाऱ्या खाऱ्या दलदली आणि उथळ समुद्रातली सागरी गवताची कुरणे, ही तीन ठिकाणे हवेतला कार्बन ओढून घेतात आणि पायाखालच्या गाळात पुरून ठेवतात. त्यांतल्या गाळाशी माझा रोजचा संबंध आहे. मी नमुने काढण्याचे आणि मोजण्याचे काम करते.

ओहोटी लागली की आमच्या हातात जेमतेम तीन-साडेतीन तास असतात. अर्ध्या पन्हळीच्या आकाराचा लांब पोलादी दांडा गुडघाभर चिखलात सरळ उभा धरायचा, अंगाचा भार देऊन खाली रेटायचा, पुरेसा आत गेला की मूठ फिरवायची आणि अजिबात हिसका न देता वर ओढायचा. वर येतो तेव्हा पन्हळीत गाळाचा एक उभा काप असतो. वरचे दोन-चार बोटे तपकिरी, त्याखाली राखाडी, मग काळा. काळ्या थराला सडक्या अंड्याचा वास येतो. नवखी माणसे नाक धरतात. आम्हाला तो वास आला की बरे वाटते, कारण इथे प्राणवायू पोहोचत नाही आणि म्हणून इथे कुजणे फार सावकाश चालते, असे तो सांगतो. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटमुळे अशा गाळात मिथेन वायूही फारसा तयार होत नाही. एकदा हातभर खोलीवर करंगळीएवढे मूळ सापडले. नखाने साल सुटली, आत धागे शाबूत. ज्या झाडाचे ते मूळ, ते झाड केव्हाच जाऊन त्या जागी दुसरी झाडे उभी होती. मूळ मात्र जसेच्या तसे होते.

नंतर त्या कापाच्या वड्या पाडायच्या, पिशवीत भरायच्या, खोली लिहायची, भट्टीत वाळवायच्या, वजन करायचे, कार्बनचे प्रमाण काढायचे. दांडा आत जाताना गाळ किती दबला तेही मोजावे लागते, नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकतो. काम किचकट आहे, पण त्याला अवाढव्य यंत्रणा लागत नाही.

हे सगळे सांगितले ते एका आकड्यासाठी. २०११ मध्ये हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातल्या २५ खारफुटी वनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन साठलेला आढळला आणि त्यातला ४९ ते ९८ टक्के भाग जमिनीखाली होता. म्हणजे उपग्रहाच्या चित्रात दिसतो तो हिरवा पट्टा म्हणजे या संपत्तीचे नुसते झाकण आहे. तुमच्यासमोर येणारे बहुतेक प्रस्ताव मात्र झाडांची संख्या सांगतात: इतके लाख रोपे, इतके कोटी रोपे. कोषागाराच्या दरवाजांची संख्या मोजून शिल्लक सांगावी, तसा हा प्रकार आहे.

आता यातून अर्थखात्याला काय कळायला हवे? नवे लावण्याआधी आहे ते मोडू न देणे हीच सगळ्यात मोठी गुंतवणूक आहे. गाळ उघडा पडला, त्यात हवा शिरली, की शतकांची ठेव काही वर्षांत वायू होऊन उडून जाऊ लागते. आज लावलेले रोप ती भरून काढायला तुमच्या-माझ्या हयातीत पुरे पडणार नाही. किनारी परिसंस्था मोडल्यामुळे जगभर दरवर्षी १५ कोटी ते १०२ कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जात असावा, असा अंदाज २०१२ मध्ये एका संशोधक गटाने मांडला. या दोन आकड्यांतली दरी बघा. इतकी मोठी दरी कुठल्याही अर्थसंकल्पात तुम्ही खपवून घेणार नाही. ती आहे, कारण किती मोडले आणि त्याखाली किती होते याची नोंद फार थोड्या देशांनी ठेवली.

इंडोनेशियाचे उदाहरण सगळ्यांनी पाहावे असे आहे. जगातल्या एकूण खारफुटीचा सुमारे पाचवा हिस्सा त्या एका देशात आहे आणि तीन दशकांत तिथली जवळपास ४० टक्के खारफुटी गेली, ती मुख्यतः कोळंबीच्या तळ्यांसाठी. पुढे २०२० च्या अखेरीस त्याच देशाने दलदलींच्या पुनरुज्जीवनासाठी नेमलेल्या संस्थेकडे खारफुटीचेही काम सोपवले आणि २०२४ पर्यंत ६ लाख हेक्टर पूर्ववत करण्याचे लक्ष्य ठेवले. इरादा चांगलाच होता. पण आधी मोडायला खर्च, मग जोडायला खर्च, हा व्यवहार कुणालाच परवडणारा नाही. म्हणून पहिली विनंती: निळ्या कार्बनच्या नावाने एक पैसाही यायच्या आधी तुमच्याच अनुदानांची, करसवलतींची आणि कर्जहमींची यादी काढा आणि त्यांतल्या कुठल्या सवलती खाडी बुजवायला हातभार लावतात ते तपासा. याला परदेशी सल्लागार लागत नाही. तुमच्या खात्यातला एक प्रामाणिक अधिकारी आणि काही महिने पुरतील.

दुसरी गोष्ट लिहिताना मला त्रास होतो, कारण तिच्यात माझाही हात होता. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या लागवड मोहिमेत मी होते. संस्थेचे नाव इथे लिहीत नाही. ओहोटीत उघड्या पडलेल्या सपाट चिखलावर आम्ही ओळीने कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या एका जातीच्या, शेंगा रोवल्या. कांदळाची शेंग लांब, हातात धरायला सोपी, चिखलात खुपसली की काम झाले. दिवसभरात हजारो झाल्या. फोटो निघाले, आकडे वर गेले. दोन वर्षांनी मी त्याच जागी गेले तेव्हा बहुतेक रोपांच्या काड्या उरल्या होत्या आणि त्या काड्यांना वरपासून खालपर्यंत शिंपल्यांसारखे कवचाचे किडे चिकटलेले होते. ती जागा इतकी खाली होती की भरतीचे पाणी तिथून लवकर ओसरतच नसे. जगलेली रोपे मोजायला आमच्या आधी कुणी आले नव्हते. मोजायला पैसेच मंजूर झालेले नव्हते.

हे आमच्याच वाट्याला आले असे नाही. फिलिपिन्समध्ये कित्येक वर्षांच्या लागवडीचा आढावा २००८ मध्ये घेतला गेला. भरपूर पैसा ओतूनही रोपे जगण्याचे प्रमाण १० ते २० टक्के होते. श्रीलंकेत २०१७ च्या एका अभ्यासात २३ ठिकाणे तपासली. हजार-बाराशे हेक्टरांवर लागवड झाली होती, यशस्वी ठरले ते २००-२२० हेक्टर. नऊ ठिकाणी एकही रोप उरले नव्हते.

फिलिपिन्सच्या आढाव्यात सांगितलेले कारण तुम्ही नीट वाचावे, कारण ते थेट तुमच्या खात्याशी येऊन भिडते. खारफुटी भरतीच्या पट्ट्याच्या मधल्या आणि वरच्या भागात जोमाने वाढते. पण ती जागा तळ्यांनी व्यापलेली होती आणि तळ्यांना मालक होते. खालचा उघडा चिखल मात्र कुणाच्या नावावर नव्हता, तिथे कुणी अडवायला येणार नव्हते. म्हणून रोपे तिथे लागली. शिवाय तिथे तग धरू शकणारी तिवर आणि चिपी सोडून, लावायला सोपी म्हणून कांदळच लावली गेली. झाडे कुठे जगतील हे कुणी विचारले नाही. कुठे भांडण होणार नाही तेवढेच पाहिले गेले. काही ठिकाणी तर या नादात सागरी गवताच्या कुरणातही रोपे खोचली गेली. म्हणजे एक कार्बनसाठा मोडून दुसऱ्याचा प्रयत्न.

म्हणून माझ्या मते तयारीचा गाभा शास्त्रात नाही, तो जमिनीच्या नोंदीत आहे. भरतीची रेषा जिथे फिरते ती जागा कुणाची? वन खाते म्हणते आमची, महसूल खाते म्हणते सरकारी पड, मत्स्य खाते तिथे परवाने देते, बंदर प्राधिकरण आपल्या नकाशात ती रंगवून मोकळे होते आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिंपले वेचणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच कागदावर नसते. दिवसातून दोनदा ती जागा पाण्याखाली जाते आणि दोनदा जमीन होते, तसा कायदाही तिच्याबाबत हेलकावत राहतो. अशा जागेवर कार्बनचा हक्क विकला, की पहिला हप्ता येईपर्यंत सगळे गप्प असतात. हप्ता आला की चार दावेदार उभे राहतात आणि ज्या बाईला आजवर कुणी अडवले नव्हते तिला ‘संरक्षित क्षेत्र’ म्हणून अडवणारा पहारेकरीही उभा राहतो.

टाकून दिलेली तळी परत भरतीला जोडायची असतील तर त्यांचे पट्टे कधी संपतात, ते नूतनीकरण न करता परत घेता येतात का, मालकाला काय द्यावे लागेल, हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत. ते सुटले तर पुष्कळदा रोप लावायचीही गरज पडत नाही. बांधाला नेमक्या जागी खांडे पाडली, जुने ओहोळ मोकळे केले, की पाणी स्वतःच बिया घेऊन येते. पाण्याची वाट आधी, लागवड लागलीच तर नंतर, हा क्रम खारफुटीवर काम करणाऱ्या जाणकारांनी कधीचा सांगून ठेवला आहे. पण बांध फोडण्याचा समारंभ होत नाही आणि त्यात रोपांची संख्या दाखवता येत नाही, म्हणून त्याला निधी मिळत नाही. हे तुम्ही बदलू शकता. लागवडीच्या दिवशी पैसे देण्याऐवजी पाचव्या वर्षी जगलेल्या क्षेत्रावर देयकाचा मोठा भाग ठेवा.

लोकांच्या वाट्याबद्दल. केनियात गाझी उपसागराच्या काठी ‘मिकोको पामोजा’ नावाचा प्रकल्प २०१३ पासून चालतो. क्षेत्र अवघे ११७ हेक्टर, वर्षाला साधारण ३,००० टन कार्बन डायऑक्साइडची क्रेडिट, म्हणजे टाळलेल्या किंवा शोषलेल्या टनांची विकता येणारी प्रमाणपत्रे. जागतिक बाजाराच्या मानाने हा थेंब आहे. पण त्या पैशातून पाण्याची सोय आणि शाळांची कामे झाली, खर्च कशावर करायचा ते गावाने ठरवले आणि झाडांवर लक्ष ठेवणारी माणसे त्याच गावांतली आहेत. पुढे २०२३ मध्ये केनियाने हवामानविषयक कायद्यात दुरुस्ती करून जमिनीवरच्या कार्बन प्रकल्पांच्या वार्षिक मिळकतीतला किमान ४० टक्के आणि इतर प्रकल्पांतला किमान २५ टक्के वाटा स्थानिक समुदायाला देणे बंधनकारक केले. असा वाटा कायद्यात लिहिलेला असणे मला फार मोलाचे वाटते, कारण करारात घासाघीस करायची ताकद गावांकडे नसते. मात्र तुम्ही असा कायदा कराल तेव्हा खारफुटी आणि सागरी गवत कुठल्या रकान्यात पडते ते स्पष्ट लिहा. भरतीच्या पट्ट्याला जमीन म्हणायचे की पाणी, यावर उद्या वकिलांना कमाई करू देऊ नका.

आता तुमच्या सवयीच्या विषयाकडे येते: हिशेबाच्या वहीकडे. किनारी दलदलींचे उत्सर्जन आणि शोषण राष्ट्रीय हरितवायू नोंदीत कसे धरायचे याची पद्धत हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०१३ च्या पुरवणीत देऊन ठेवली आहे. अमेरिकेने २०१७ पासून आपल्या नोंदीत किनारी दलदली धरल्या, ऑस्ट्रेलियानेही धरल्या. किनारा असलेल्या अनेक देशांच्या वहीत मात्र हे पान अजून कोरे आहे. त्यांच्या कागदोपत्री खाडी बुजवली काय आणि राखली काय, देशाच्या उत्सर्जनात काही फरकच पडत नाही. वहीत नसलेली गोष्ट विकायला काढणे तुम्ही इतर कुठल्याही बाबतीत मान्य केले नसते.

विकण्याबाबत तर जपून पाऊल टाका. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली एका देशाने कमी केलेल्या उत्सर्जनाचा टन दुसऱ्याला हस्तांतरित केला, की विकणाऱ्याला तो आपल्या खात्यातून वजा करावा लागतो. याचे नियम २०२१ मध्ये ग्लासगोत आणि २०२४ मध्ये बाकूत पक्के झाले. साध्या भाषेत सांगायचे तर विकलेला टन तुमच्या स्वतःच्या उद्दिष्टात धरता येत नाही. आज खरेदीदाराला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपे टन देऊन बसलात, तर पुढच्या दशकात स्वतःचे वचन पाळायला तुमच्याकडे महागडे टनच उरतील. म्हणून किती विकायचे, किती स्वतःसाठी राखायचे, याची मर्यादा पहिला खरेदीदार दारात यायच्या आधी ठरलेली असावी. करार साठ-साठ वर्षांचेही होतात. त्यावर सही करणारे सरकार तेव्हा नसते, खाडीकाठची माणसे असतात.

क्रेडिट हा पैसा उभा करण्याचा एकच रस्ताही नाही. सेशेल्सने २०१६ मध्ये २.१६ कोटी डॉलरच्या कर्जाची समुद्र संरक्षणाशी सांगड घातली, २०१८ मध्ये दीड कोटी डॉलरचे सार्वभौम निळे रोखे, म्हणजे समुद्राशी निगडित कामांसाठीचे सरकारी कर्जरोखे, काढले आणि २०३० पर्यंत आपली सगळी खारफुटी आणि सागरी गवत संरक्षणाखाली आणण्याचे वचन हवामान आराखड्यात दिले. बेलिझने २०२१ मध्ये ५५.३ कोटी डॉलरचे रोखे ३६.४ कोटी डॉलरमध्ये परत घेतले आणि त्या बदल्यात ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचे मान्य केले. मला या व्यवहारांतल्या बारकाव्यांत शिरायचा अधिकार नाही, तो तुमचा प्रांत आहे. पण एक दिसते. यात टन मोजून विकायचे नसतात, देशाने दिलेल्या शब्दावर पैसा उभा राहतो. ज्यांच्याकडे अजून गाळाचे नमुने नाहीत अशा देशांसाठी ही वाट जास्त प्रामाणिक आहे.

जोखमीबद्दल न लिहिता हे पत्र पाठवले तर मी तुम्हाला फसवले असे होईल. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे या जागतिक वारसास्थळी सागरी गवताचे प्रचंड कुरण आहे. तिथे कुणी नांगर फिरवला नाही, भराव घातला नाही. २०१०-११ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि सुमारे एक तृतीयांश कुरणाची हानी झाली. पुढच्या तीन वर्षांत त्यामुळे २० लाख ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटला असावा, असा अंदाज आहे. त्याच देशाच्या उत्तरेला २०१५-१६ मध्ये कार्पेंटारियाच्या आखातात सुमारे ७,४०० हेक्टर खारफुटी वाळून गेली. समुद्राची पातळी वर्षाला सहा-सात मिलिमीटरहून जास्त वेगाने चढू लागली तर खारफुटीच्या गाळाला त्या वेगाने वर चढता येणार नाही, असे २०२० चे एक संशोधन सांगते. झाडांना मागे सरकायला जागा असेल तरच ती टिकतील. त्यामुळे आजच्या वनामागची मोकळी पट्टी बांधकामाला देऊ नका. ती पट्टी आज ओसाड दिसते, तुमच्या भांडवलाचा विमा मात्र तीच आहे. आणि विकलेल्या प्रत्येक शंभर टनांमागे काही टन न विकता बाजूला ठेवायची तरतूद देशाच्या पातळीवरही करा.

अपेक्षाही बेतात ठेवा. २०३० पर्यंत शक्य तेवढे सगळे वाचवले आणि पूर्ववत केले, तरी या परिसंस्थांमुळे टळलेले आणि शोषले गेलेले उत्सर्जन जगाच्या वार्षिक उत्सर्जनाच्या सुमारे तीन टक्क्यांएवढे होईल, असे २०२१ च्या एका आढाव्यात म्हटले आहे. कोळसा जाळत राहून खारफुटीने तो फेडावा, असा हिशेब जुळत नाही. तरीही मी हे काम सोडत नाही. वादळाची लाट अडवणे, माशांच्या पिल्लांना आसरा देणे, पाणी निवळणे ही कामे तीच झाडे त्याच वेळी करत असतात आणि त्यांचे मोल टनांत येत नाही.

धीर धरला तर काय होते हेही पाहिले आहे. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरून सागरी गवत १९३० च्या दशकात नाहीसे झाले होते. तिथे दोन दशके ७ कोटींहून जास्त बिया पेरल्या. पेरणी झाली सुमारे २०० हेक्टरांवर. कुरण आपले आपण पसरत ३,६०० हेक्टरांवर गेले. वीस वर्षे दर हंगामात कुणीतरी बी गोळा करत राहिले आणि कुणीतरी त्याचे पैसे देत राहिले.

तुमच्याकडे मी तेच मागते आहे. पुढच्या अर्थसंकल्पात मोठ्या घोषणेऐवजी खर्चाचे एक छोटे शीर्ष उघडा आणि ते दहा वर्षे बंद करू नका. त्यातून भरतीच्या पट्ट्याचा हक्कनिहाय नकाशा होऊ द्या, किनाऱ्यावरच्या गावांत बसून, त्यांच्या भाषेत. त्यातून गाळाचे नमुने निघू द्या, काठाकाठावरच्या तरुण मुलामुलींच्या हातून. एका ओहोटीत शिकता येते ते काम. पाणीपातळी मोजणारी साधी उपकरणे बसू द्या. जुन्या लागवडींतले किती जगले ते मोजून जाहीर करा, आकडा कितीही लाजिरवाणा असला तरी. हे होईपर्यंत दारात आलेल्या खरेदीदाराला सांगा, थांबा. खरा खरेदीदार थांबेल.

आणि कधी सवड काढून एका ओहोटीला आमच्याबरोबर चला. दांडा तुम्हीच खाली रेटा. बूट आम्ही देऊ.

आपली,
खाडीतल्या गाळाचे नमुने मोजणारी एक सहायक